लाल देऊ की गोड देऊ?

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन ती घरी आली होती. आमच्या लहानपणी सफरचंद हे आजाऱ्याचं फळ. कोणी दवाखान्यात असल्याशिवाय ते घरात यायचं नाही. ती सवय अजून सुटलेली नाही, त्यामुळे मी पिशवी घेऊन मंडईत गेलो आणि नेहमीच्या गाड्यासमोर उभा राहिलो. पुढे मांडलेली सफरचंदं अशी लालभडक की नजर हलू नये. मी हात पुढे केला, तर गाडीवाला म्हणाला,

"सर, लाल देऊ की गोड देऊ?"

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे ही बघायला, आणि ती खायला." त्याने मागच्या खोक्याकडे बोट दाखवलं. त्यात फिकट, पट्ट्यापट्ट्यांची, एका अंगाने पिवळट राहिलेली सफरचंदं होती. पुढे ठेवली तर कोणी ढुंकून बघणार नाही अशी.

मी मागची घेतली. पण पैसे देताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एकदम चाळीस वर्षं मागे गेलो. हा माझा विद्यार्थी. 'सर' तो मला गिऱ्हाईक म्हणून म्हणत नव्हता.

सन १९८४. मी इतिहास-मराठी शिकवायचो. विज्ञानाचे सर रजेवर होते म्हणून आठवीवर मला ऑफ तास लागला होता. ऑफ तास म्हणजे मुलांनी गप्प बसायचं आणि मास्तरांनी वह्या तपासायच्या, हा त्या वेळचा अलिखित करार! तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. हातात सफरचंद. त्याचे वडील तालुक्याच्या दवाखान्यात होते, कोणीतरी भेटायला येताना आणलेलं असणार. त्याने ते सफरचंद फिरवून दाखवलं आणि विचारलं, "सर, एकच फळ, एकाच देठाला लागलेलं. मग ही बाजू लाल आणि ही बाजू पिवळी का?"

मला उत्तर येत नव्हतं. येत नाही असं सांगायला काय हरकत होती? पण तेव्हा माझं वय पस्तिशीच्या आत, आणि मास्तरला येत नाही हे मुलांना कळणं म्हणजे अब्रू जाणं, अशी समजूत. मी म्हणालो, "सफरचंद खायचं असतं, त्याची चौकशी करायची नसते. बस खाली." वर्ग खो खो हसला. तो खाली बसला, आणि दहावी होईपर्यंत त्याने माझ्या तासाला पुन्हा कधी हात वर केल्याचं मला आठवत नाही.

आता त्याच्याच गाड्यावरून फळं घेऊन घरी आलो खरा, पण तो प्रश्न पिशवीतून बरोबर आला. इतिहासाच्या मास्तरला विज्ञानाचं उत्तर शोधायचं असलं की तो काय करणार? मागे जाणार. कोणी, कधी, काय पाहिलं ते बघत बघत पुढे येणार. माझी नात कृषी महाविद्यालयात शिकते. तिने इंग्रजी लेख समोर बसून समजावून दिले. चार महिने आम्हा आजोबा-नातीचा हाच उद्योग होता. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट कळली ती लाज वाटायला लावणारी. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर १९८४ च्या कितीतरी आधीपासून माळ्यांना माहीत होतं!

पॅरिसजवळ माँत्रई नावाचं गाव आहे. तिथे उंच भिंती बांधून त्यांच्या आडोशाला फळझाडं वाढवण्याची जुनी परंपरा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथले बागवान एक गंमत करायचे. सफरचंद लहान असतानाच त्याला झाडावर कागदी पिशवी घालायची. आत अंधार, त्यामुळे फळ वाढतं पण फिकट राहतं. तोडणीला थोडे दिवस उरले की पिशवी काढायची आणि फळावर कापलेल्या नक्षीचा कागद चिकटवायचा. पुढचं काम सूर्याचं. जिथे ऊन लागेल तिथली साल लाल, जिथे कागद असेल तिथली फिकट. अशी राजचिन्हं, नावं, अगदी माणसांचे चेहरेसुद्धा सफरचंदावर उमटवून ती फळं श्रीमंतांच्या मेजवान्यांना जात. जपानात आओमोरी भागात शुभचिन्हांची अक्षरं असलेली सफरचंदं आजही अशीच काढतात.

म्हणजे सफरचंदाची साल ही फोटोच्या कागदासारखी आहे. जी बाजू उन्हाकडे ती लाल, जी पानाआड किंवा फांदीकडे ती पिवळी. एवढं साधं उत्तर होतं. आणि त्यासाठी पॅरिसला जायची तरी काय गरज? आपल्या हापूसच्या खांद्यावर लाली कुठल्या बाजूला येते, हे कोकणातल्या कुठल्याही पोराला विचारा.

पण साधं उत्तर मिळालं की त्याच्या पोटातून दुसरा प्रश्न निघतो. ऊन लागल्यावर झाड नेमकं काय करतं?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढची सगळी कथा तिच्यावर उभी आहे. फळाचा रंग हे एक काम नाही, दोन कामं आहेत. कच्चं फळ हिरवं असतं ते हरितद्रव्यामुळे. फळ पिकायला लागलं की हे हरितद्रव्य मोडीत निघतं आणि त्याच्याखाली झाकलेला पिवळा रंग दिसू लागतो. गाजराला रंग देणाऱ्या घराण्यातलीच ही पिवळी द्रव्यं. हे झालं पहिलं काम, आणि ते पिकण्याशी बांधलेलं आहे. लाल रंगाची गोष्ट निराळी. तो आधी लपलेला नसतो. झाडाला तो नव्याने तयार करावा लागतो, सालीच्या पेशींमध्ये साठवावा लागतो, आणि त्याला ऊन लागतं. ही दोन कामं अगदीच तुटक नाहीत. पिकताना फळातून निघणारा इथिलीन वायू लालीलाही हातभार लावतो. पण उजेड नसेल तर बहुतेक सफरचंदं पिकूनही लाल होत नाहीत, पिवळी होतात. थोडक्यात, पिवळेपणा सांगतो 'मी पिकलो', आणि लाली सांगते 'मला ऊन मिळालं'. बहुतेक वेळा दोन्ही बरोबर येतात, म्हणून आपण लालीलाच पिकणं समजतो.

या लाल रंगाला नाव मिळालं १८३५ साली. मार्क्वार्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने फुलांच्या रंगांवर लिहिताना 'अँथोसायनिन' हा शब्द केला. ग्रीक भाषेत 'अँथोस' म्हणजे फूल आणि 'कायनोस' म्हणजे निळा. नाव निळ्या फुलाचं, पण जांभळाचा जांभळा, कोकमाचा लालबुंद आणि सफरचंदाचा लाल हे सगळे याच घराण्यातले. रिशार्ड विलश्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पुढे या द्रव्यांची घडण उलगडली. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या, विशेषतः हरितद्रव्यावरच्या कामासाठी त्याला १९१५ चं नोबेल मिळालं. तेव्हा लक्षात आलं की या रंगाच्या रेणूला साखरेचा रेणू जोडलेला असतो. सफरचंदात तर तो गॅलॅक्टोज नावाच्या साखरेला बांधलेला असतो. त्याआधी १८९९ मध्ये ओव्हरटन नावाच्या संशोधकाने पाण्यातल्या एका वनस्पतीला साखरेच्या पाण्यात वाढवलं, तर तिची पानं लाल झाली होती! म्हणजे लाल रंग ही झाडासाठी ऐपतीची गोष्ट. गाठीला साखर असेल तरच करता येणारी.

आणखी एक नाव मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुरिएल व्हेल्डेल. केंब्रिजमध्ये स्नॅपड्रॅगनच्या फुलांचे संकर करून तिने रंग पिढ्यान्‌पिढ्या कसे उतरतात याचा हिशेब मांडला आणि १९१६ मध्ये अँथोसायनिन द्रव्यांवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. आनुवंशिकता आणि रसायन यांची सांगड घालणाऱ्या पहिल्या काही लोकांत तिची गणना होते. त्या वेळी केंब्रिज विद्यापीठ बायकांना शिकू द्यायचं, पण पदवी द्यायचं नाही. ती १९४८ पासून मिळू लागली. प्रश्न विचारणाऱ्याला खाली बसवण्याची रीत फक्त आमच्याच शाळेत होती असं नाही, एवढंच.

आता शास्त्रज्ञांना जरा तिथेच सोडून बाजाराकडे येऊ. कारण 'लाल देऊ की गोड देऊ' हा प्रश्न बाजाराने तयार केला आहे, आणि त्याची सुरुवात एका शेतकऱ्याच्या बांधावर झाली.

अमेरिकेत आयोवा राज्यात पेरू नावाचं छोटं गाव आहे. (योगायोग बघा, फळाची गोष्ट आणि गावाचं नाव पेरू! अर्थात देशाचं नाव ते, फळाचं नव्हे.) तिथे १८७० च्या दशकात जेसी हायट नावाचा क्वेकर पंथाचा एक शेतकरी होता. त्याच्या बागेत ओळ सोडून एक रोप आपोआप उगवलं. त्याने ते छाटलं. ते पुन्हा फुटलं. पुन्हा छाटलं, पुन्हा फुटलं. शेवटी त्याने त्याचा नाद सोडला आणि रोपाला जगू दिलं. त्याला जी फळं आली ती लाल-पिवळ्या पट्ट्यांची, लांबट आणि चवीला अतिशय गोड. हायटने त्याचं नाव ठेवलं 'हॉकआय'.

१८९३ मध्ये मिसूरी राज्यात स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेने फळांची स्पर्धा भरवली. हायटने चार फळं पाठवली. स्टार्कने एक घास घेतला आणि तो खूश झाला, पण फळं पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता गहाळ! वर्षभर वाट पाहिली. १८९४ मध्ये हायटने पुन्हा फळं पाठवली तेव्हा कुठे पत्ता लागला. स्टार्कनी हक्क विकत घेतले आणि सफरचंदाचं नाव ठेवलं 'डेलिशस'. नाव चवीवरून ठेवलं होतं, रंगावरून नाही. 'रेड' हा शब्द बऱ्याच वर्षांनी पुढे चिकटला, स्टार्कनी 'गोल्डन डेलिशस' हे पिवळं सफरचंद बाजारात आणल्यावर.

आपल्याकडे हे फळ आलं ते एका अशा माणसामुळे, ज्याचं नाव मी तीस वर्षं इतिहास शिकवूनही वर्गात घेतलं नाही. सॅम्युएल स्टोक्स. फिलाडेल्फियाच्या सधन घरातला हा तरुण १९०४ मध्ये कुष्ठरोग्यांची सेवा करायला भारतात आला आणि सिमल्याच्या पुढे कोटगढला स्थायिक झाला. कुलूकडे इंग्रजांनी त्याआधीच सफरचंदं लावली होती, पण ती आंबट जातीची. स्टोक्सने १९१६ च्या सुमारास स्टार्क बंधूंची डेलिशसची रोपं कोटगढला आणली. जमिनीवर कसंबसं पोट भरणाऱ्या पहाडी शेतकऱ्यांना त्याने कलमं दिली, लागवड शिकवली. १९२१ मध्ये असहकाराच्या चळवळीत हाच माणूस तुरुंगात गेला. १९३२ मध्ये त्याने हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद हे नाव घेतलं आणि १९४६ मध्ये, स्वातंत्र्याला वर्ष उरलं असताना, तो गेला. असहकाराचा धडा मी किती वेळा शिकवला असेल! आणि त्या चळवळीतला एक अमेरिकन माणूस माझ्या हातातल्या फळात बसलेला होता, याचा पत्ता नव्हता.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. गोष्टीला वळण लागलं १९२३ मध्ये. न्यू जर्सीमधल्या एका बागायतदाराने स्टार्कना कळवलं की, तुमच्याकडून घेतलेल्या एका झाडाची एकच फांदी विचित्र वागते आहे. बाकीच्या फांद्यांवरची फळं अजून हिरवी असताना या फांदीवरची लालबुंद झाली आहेत. झाडाच्या एखाद्या डोळ्यात कधीकधी असा आपोआप बदल होतो आणि त्यातून फुटणारी फांदी भावंडांपेक्षा वेगळी निघते. स्टार्कनी ती फांदी सहा हजार डॉलरला घेतली. झाड नव्हे, फांदी! तिच्यापासून कलमं केली आणि तिचं नाव 'स्टार्किंग' पडलं.

विचार करून पाहा. या फांदीवरचं फळ लवकर पिकत नव्हतं, लवकर लाल होत होतं. वर सांगितलेली दोन कामं आठवा. पिकणं आपल्या वेळेवरच होतं, लाली मात्र आधीच हजर. शेतकऱ्याचा यात फायदा असा की फळ अंगभर, एकसारखं लाल. उन्हाची बाजू, सावलीची बाजू असा भेदच राहिला नाही. व्यापाऱ्याचा फायदा असा की लाल फळ बघून गिऱ्हाईक येतं. मग सगळे बागायतदार आपापल्या झाडांवर अशाच जास्त लाल फांद्या शोधू लागले. एकातून दुसरी, तिच्यातून तिसरी, प्रत्येक वेळी निवड एकाच गोष्टीवर : आणखी लाल. पट्टे गेले, साल जाड झाली, रंग काळपट लाल झाला. आणि लाली आधीच आली असल्यामुळे, आतल्या पिठाची साखर व्हायच्या आधी फळ तोडलं तरी ओळखू येईना. हिमाचलातही डेलिशसचा लाल प्रकारच 'रॉयल' या नावाने पसरला.

लाल रंगाने चव बिघडवली, असं समजू नका. त्या द्रव्याला स्वतःची फारशी चवच नसते. चव बिघडली ती निवडणाऱ्यांनी चवीकडे बघणं सोडलं म्हणून. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या सफरचंदांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रेड डेलिशस होती. लोक एकदा फसले, दोनदा फसले, मग घ्यायचे थांबले. १९९७ पासून तिथल्या बागायतदारांना कोट्यवधी डॉलरचा फटका बसला आणि २००० मध्ये सरकारला त्यांच्यासाठी मदत जाहीर करावी लागली. २०१८ मध्ये गाला या जातीने उत्पादनात रेड डेलिशसला मागे टाकलं. फळाचं नाव 'चविष्ट', आणि ते पडलं चवीपायीच.

हायटच्या त्या मूळ झाडाचं काय झालं? १९४० च्या कडक थंडीत ते मेलं. पण मुळातून पुन्हा धुमारे फुटले. त्याला तशी सवयच होती.

आता परत शास्त्रज्ञांकडे जाऊ. त्या न्यू जर्सीच्या फांदीत नेमकं काय बदलत असेल, हे कळायला लागलं एकविसाव्या शतकात. नातीने मला ते समजावलं तेव्हा मी तिला म्हणालो, "हे तर आमच्या ऊसतोडीसारखं आहे." ती हसली, पण उपमा तिला पटली.

अँथोसायनिन तयार करणं हे एका माणसाचं काम नाही. पाच-सहा कामगार ओळीने उभे असतात. एक जण कच्चा माल घेतो, थोडा बदलतो, पुढच्याकडे देतो. शेवटचा त्याला साखर बांधतो. हे कामगार प्रत्येक सफरचंदात असतात, पिवळ्या जातीतसुद्धा. पण मुकादमाने हाळी दिल्याशिवाय ते कामाला लागत नाहीत. हा मुकादम २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना सापडला, आणि २००७ मध्ये न्यूझीलंड आणि जपानमधल्या गटांनाही. एमवायबी-१, एमवायबी-१० अशी त्याची नावं. ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी तर माँत्रईच्या माळ्यांचाच प्रयोग केला. फळांना पिशव्या घातल्या, मग काढल्या. ऊन लागताच मुकादम कामावर हजर, आणि पाठोपाठ लाली.

अंधारात मुकादम कुठे असतो? त्याचं उत्तर २०१२ मध्ये चिनी संशोधकांनी दिलं. पेशीत कॉप-१ नावाचं एक प्रथिन असतं. अंधार असला की ते मुकादमाला पकडून मोडीत काढतं. उजेड आला की त्याचा जोर ओसरतो आणि मुकादम टिकतो. म्हणजे झाड सावलीत हात बांधून बसत नाही. मुकादम तयार होतो तसा मोडलाही जातो. थंडीचंही असंच. रात्री थंड असल्या की मुकादमाची हाळी मोठी होते, उकाड्यात ती मंदावते. डोंगरावरचं सफरचंद लाल आणि सपाटीवरचं फिकट, याचं कारण इथे आहे. आणि झाड हा सगळा उपद्व्याप कशासाठी करतं? थंडीच्या दिवसांत कडक ऊन पडलं की सालीतल्या पेशी पोळू शकतात. लाल रंग त्यांच्यावर छत्री धरतो. शिवाय फळ खाऊन बिया लांब नेणाऱ्या जनावरांना ते दुरून दिसतं.

मग पिवळ्या जातीत मुकादमाला काय होतं? २०१९ मध्ये चीनमधल्याच एका गटाने दाखवलं की, लाल सफरचंदांत या जनुकाच्या अलीकडे एक उपरा तुकडा येऊन बसलेला आहे. पेशीच्या पोथीत एका पानावरून दुसऱ्या पानावर उड्या मारणारे असे तुकडे असतात. ते पहिल्यांदा ओळखले बार्बारा मॅक्‌क्लिंटॉक या बाईंनी, मक्याच्या रंगीत दाण्यांवरून, १९४० च्या दशकात. कितीतरी वर्षं लोकांनी त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. शेवटी १९८३ मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे माझ्या त्या ऑफ तासाच्या आदल्या वर्षी! तो तुकडा असेल तर मुकादम उजेडाला जोरात साद देतो, नसेल तर फळ पिवळं. आणि हनीक्रिस्प जातीतल्या पट्ट्यांवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं, की पोथीतली अक्षरं तीच असूनही त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा कमीजास्त बसल्या की लाल पट्टा आणि हिरवा पट्टा शेजारी शेजारी उमटतात. काही वेगळ्या निघालेल्या फांद्यांतही अशाच खुणांचा फरक सापडला आहे.

थोडक्यात, झाडाकडे लालीचं एक बटण आहे आणि ते ऊन, थंडी, साखर यांचा हिशेब करून दाबलं जातं. आपण शंभर वर्षं अशा फांद्या शोधत राहिलो, ज्यांचं बटण हिशेबाआधीच दाबलेलं आहे. झाडाने दिलेली खूण ही झाडाची साक्ष होती. ती आपण गिऱ्हाइकासाठी पढवली. आणि साक्षीदार पढवलेला असला की त्याच्या साक्षीला किंमत राहत नाही, हे सांगायला वकील लागत नाही.

हे लिहिताना मला माझे वर्ग आठवत राहिले. सुवाच्य अक्षर, घडघडीत पाठांतर, हात वर करून पटकन दिलेलं उत्तर. यांना मी हुशारीची खूण मानत आलो. मुलंही शहाणी, मास्तरांना काय लाल दिसतं हे ती बरोबर ओळखतात. मागच्या बाकावरचा तो मुलगा मला फिकट वाटला होता. असो.

मागच्या महिन्यात मी मुद्दाम त्याच्या गाड्यावर गेलो. दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. म्हणालो, "अरे, तुझा एक प्रश्न माझ्याकडे राहिला होता." आणि त्याला सगळं सांगितलं. पिशव्या घातलेली सफरचंदं, मुकादम, न्यू जर्सीची फांदी. तो खोकी लावता लावता ऐकत होता. मग त्याने एक फळ उचललं आणि उलटं केलं.

"सर, मी लाल बाजू बघतच नाही. ही बघतो. जिथे लाल चढलेलं नसतं ती. ही हिरवट असली की फळ कच्चं. लोण्यासारखी पिवळसर झाली की गोड. घाऊक बाजारात आधी खोकं उलटं करून बघायचं, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण."

चार महिने वाचून मला जे कळलं होतं, की लाली उन्हाची खबर देते आणि पिकल्याची खबर पिवळी बाजू देते, ते त्याने एका हाताने दाखवलं. आणि ही तीच बाजू होती, जिच्याबद्दल त्याने मला विचारलं होतं.

"तो वर्गातला प्रसंग आठवतो का रे तुला?" मी विचारलंच.

तो जरा थांबला. "प्रश्न नाही आठवत सर. सफरचंद आठवतं. आबांनी त्यांच्यातलं एक मला दिलं होतं, घेऊन जा म्हणून."

त्याचे आबा त्या दवाखान्यातून घरी आले नव्हते. हे मला तेव्हाही माहीत होतं. चाळीस वर्षं मी त्या गोष्टीतला फक्त माझा भाग लक्षात ठेवला होता.

मी काय बोलणार? माफी मागावी असं फार मनात होतं, पण शब्द जुळेनात. तेवढ्यात एक बाई आल्या आणि पुढच्या लालभडक ढिगाकडे बोट दाखवून भाव विचारू लागल्या. त्याने त्यांना भाव सांगितला. मग माझ्या पिशवीत मागच्या खोक्यातली किलोभर भरली आणि वर एक जास्तीचं टाकलं.

घरी आल्यावर ही म्हणाली, "अहो, रंग नाही काही याला." मी म्हणालो, "उलटं करून बघ."